आळस की ऑक्सिजन?

"ते लोक मुळातच आळशी हो. सरकार फुकट तांदूळ देतंय, मग कशाला हातपाय हलवतील?"

मी चंद्रपूरचा. पुण्यात तसं सांगितलं की पहिला प्रश्न ताडोब्याच्या वाघाचा, दुसरा नक्षलवाद्यांचा, आणि तिसऱ्या नंबरवर गडचिरोलीच्या आदिवासींबद्दलचं हे ज्ञान ऐकावं लागतं. बोलणारे सगळे सायन्सवाले. दहावीला तंतुकणिकेची सुबक आकृती काढून "पेशीचे ऊर्जाकेंद्र" लिहून मार्क घेतलेले. म्हणून म्हटलं, या वीकेंडला उत्तर त्याच धड्यातून द्यावं.

भात खाल्ला की शक्ती येते, असं आपण म्हणतो. पण भात ही शक्ती नव्हे, तो कच्चा माल आहे. पचनानंतर त्याचं ग्लुकोज होतं, ते पेशीत जातं आणि तिथे तुकड्या-तुकड्यानं मोडलं जातं. पहिला टप्पा ऑक्सिजनशिवाय होतो. त्यातून एका ग्लुकोजमागे एटीपीचे निव्वळ २ रेणू हाती लागतात. खरी कमाई पुढे, तंतुकणिकेत. तिथे ऑक्सिजन हजर असेल तर एकूण आकडा ३० ते ३२ वर जातो. (आमच्या पुस्तकात ३८ होता. आता इतका धरत नाहीत, पण मार्क त्यालाच मिळायचे. असो.) एटीपी साठवूनही ठेवता येत नाही. शरीरात कोणत्याही क्षणी ते थोडंसंच असतं आणि तेच दिवसभर पुन्हा पुन्हा बनत राहतं.

म्हणजे तोच भात, तेच ग्लुकोज. ऑक्सिजन असेल तर तीस, नसेल तर दोन. दोनावरही जगता येतं, नाही असं नाही. मोहाच्या सडव्यातलं यीस्ट त्यावरच जगतं, आणि त्या दोनाच्या बदल्यात दारू मागे सोडतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, यीस्टला ते कुणी कळवलेलं नाही. पण दोनावर माणसाचा मेंदू चालत नाही, आणि दिवसभर शेतात वाकून काम तर नाहीच नाही.

आता प्रश्न असा, की ऑक्सिजन पोचवतो कोण? लाल रक्तपेशी. गंमत म्हणजे तिच्यात स्वतःची तंतुकणिका नसते. ती वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनमधला कणभरही वापरत नाही, दोनावरच भागवते. पार्सल न उघडता पोचवणारा प्रामाणिक डिलिव्हरीवाला! आणि गडचिरोलीतल्या हजारो घरांत नेमकी हीच डिलिव्हरी बिघडलेली आहे. त्या बिघाडाचं नाव सिकलसेल.

प्रोग्रॅमर मंडळींना हा बग लगेच कळेल. तीन अब्ज अक्षरांच्या कोडमध्ये एका ठिकाणी 'ए'च्या जागी 'टी' पडलाय. तेवढ्यानं हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. पुढे काय होतं? ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून काड्या बनवतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. आधीच तुटपुंजा असलेला पुरवठा तिथे ठप्प. त्या वेदना ज्यानं जवळून पाहिल्यात तो पुन्हा आळस हा शब्द काढणार नाही. साधी लाल पेशी १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत फुटते. हिमोग्लोबिन बरेचदा ७ ते ९ च्या आसपास रेंगाळतं. तुमच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये ११ आलं तरी तुम्ही घरी फोन करता!

आणि फुटलेल्या पेशींच्या जागी नव्या बनवायला हाडांतला मगज सतत राबतो, हृदय जादा वेगानं रक्त ढकलतं. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाचं शरीर विश्रांतीच्या वेळीसुद्धा जास्त ऊर्जा जाळतं, हे मोजून पाहिलेलं आहे. पारावर नुसता बसलेला दिसतोय ना, त्याचं शरीर त्या क्षणी तुमच्यापेक्षा जास्त काम करत असू शकतं. आता बोला.

बरं, हा झटका कशानं येतो? थंडीनं, शरीरातलं पाणी कमी झाल्यानं, तापानं, अतिश्रमानं. आणि तिथली कामं कोणती? मे महिन्याच्या उन्हात तेंदुपत्ता तोडणं, आणि पावसाळ्यात चिखलपाण्यात उभं राहून धानाची रोवणी. झटका यावा म्हणून कुणी मुद्दाम वेळापत्रक आखलं असतं तरी याहून वेगळं आखलं नसतं.

कुणीतरी म्हणणारच, "पण सगळ्यांना थोडाच सिकलसेल असतो?" नसतो. जीनची एकच प्रत असलेला वाहक सहसा ठणठणीत असतो, उलट मलेरियाच्या जिवावरच्या हल्ल्यापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या मुलखात हा जीन टिकला. किंमत मोजतात ती दोन प्रती घेऊन जन्मलेली मुलं. आणि ज्यांना सिकलसेल नाही त्यांच्यासाठी मलेरिया आहेच. महाराष्ट्रातल्या त्याच्या मोठ्या अड्ड्यांपैकी एक म्हणजे गडचिरोली. तो परजीवी लाल पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो आणि ग्लुकोजही ओरबाडतो. शिवाय लोहाची कमतरता. लोह फक्त रक्तात लागतं असं समजू नका, तंतुकणिकेच्या आतल्या यंत्रणेलाही ते लागतं. म्हणजे डिलिव्हरीही बोंबलते आणि कारखानाही.

आणि हा 'त्या लोकांचा' आजार आहे असं समजून निश्चिंत होऊ नका. गोंड, माडिया, परधान यांच्यात तो आहे, तसाच विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आहे. कदाचित तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्येही असेल, "हा सारखा सिक लीव्ह टाकतो" या नावानं.

नवीन यातलं काहीच नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहिलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली; सात कोटी लोकांची तपासणी, लक्ष्य २०४७. आकडे भव्य आहेत. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. गावात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, त्यासाठी पुढची चाचणी लागते. रुग्ण निघाला तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे. त्यानं बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, पेशी कमी वाकतात, झटके कमी होतात. मात्र मध्येमध्ये रक्त तपासून डोस ठरवावा लागतो.

म्हणून फुकट तांदळाचा हिशेब विचारणाऱ्यांनी जरा या गोळीचाही हिशेब मागावा. किती तालुक्यांत ती बारा महिने मिळते? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि गोळी रोजची असते.