हिरव्या चेटकिणीचा बाप कोण?

‘विकेड’चे दोन्ही चित्रपट येऊन गेले. हिरव्या कातडीची पोरगी जन्मतःच सगळ्यांना नकोशी होते, शिकते, सत्तेला प्रश्न विचारते आणि सत्ता तिला ‘चेटकीण’ ठरवते. ही तर आपलीच गोष्ट, असं म्हणायचा मोह कुणालाही होईल. आमचं म्हणणं एवढंच की अर्धी गोष्ट आपली आहे. उरलेल्या अर्ध्यात मोठी गोम आहे, आणि ती आपल्या तरुणांनी ओळखायला हवी.

आधी मूळ कथेकडे जाऊ. ‘द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ’ हे एल. फ्रँक बॉम यांचं बालपुस्तक 1900 सालचं. त्यात जादूगार डोरोथी नावाच्या लहान मुलीला सांगतो की पश्चिमेच्या दुष्ट चेटकिणीला मारून ये, मगच तुला घरी पाठवायचं बघू. सरळ मराठीत याला सुपारी देणं म्हणतात. चेटकीण पाण्याने विरघळून मरते आणि पुढे कळतं की जादूगार निव्वळ भोंदू होता. तरीही दुष्ट कोण? तर मेलेली बाई.

हा लेखक कोण होता? पुस्तकाच्या दहा वर्षं आधी बॉम दक्षिण डाकोटात ‘अ‍ॅबरडीन सॅटर्डे पायोनियर’ नावाचं साप्ताहिक चालवत होते. डिसेंबर 1890 मध्ये लाकोटा आदिवासींचे नेते सिटिंग बुल मारले गेले. महिनाअखेरीस, 29 तारखेला, अमेरिकन सैन्याने वूंडेड नी इथे बायका-मुलांसह दोनशेहून अधिक लाकोटांची कत्तल केली. या दोन्ही घटनांनंतर बॉम यांनी संपादकीयं लिहिली आणि उरलेल्या आदिवासींचा समूळ नायनाट करावा, अशी उघड मागणी केली. 2006 मध्ये त्यांच्या वंशजांनी याबद्दल माफी मागितली. मुलांसाठी गोड गोष्टी लिहिणारा हात आणि हा हात एकच. (जोतीरावांचं निधन त्याच वर्षीच्या 28 नोव्हेंबरचं. ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली होती. त्याच देशात हे चाललं होतं.)

ग्रेगरी मॅग्वायर यांची ‘विकेड’ कादंबरी आली 1995 मध्ये. एल, एफ, बी या बॉम यांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी चेटकिणीला नाव दिलं एल्फाबा. ही कादंबरी मुलांची नाही. तिच्यात व्यभिचार आहे, गुप्त पोलिस आहेत, खून आहेत. पण तिचा कणा आहे प्राण्यांचा प्रश्न. ऑझमध्ये काही प्राणी बोलतात, शिकतात, शिकवतात. जादूगाराची राजवट एकेक फर्मान काढून त्यांचे हक्क काढून घेते, त्यांना पुन्हा गोठ्यात ढकलते. डॉक्टर डिलमंड नावाचा बोकड विद्यापीठात संशोधन करतो. प्राणी आणि माणूस यांच्यात जन्माने असा काही भेद नाही, हे त्याला विज्ञानाने सिद्ध करायचं असतं. एल्फाबा त्याची मदतनीस. एक दिवस डिलमंडचा गळा चिरलेला आढळतो. हे वाचताना आमच्या पिढीला रोहित वेमुला आठवणार नाही, असं होऊच शकत नाही. दोन्ही घटना सारख्या नाहीत. पण विद्यापीठ तेच आहे.

एल्फाबा त्यानंतर भूमिगत होते, चळवळीत काम करते आणि अपयशी ठरते. ज्या बाईला मारायचं ठरतं तिच्याभोवती ऐनवेळी शाळेच्या मुली येतात आणि तिचा हात थांबतो. तिच्या प्रियकराला गुप्त पोलिस मारतात. शेवटी ती खरंच मरते. संगीत नाटकात आणि त्यावरून आलेल्या चित्रपटांत मात्र ती मरत नाही, मरणाचं सोंग करून निसटते. डिलमंडचाही खून होत नाही, त्याची नोकरी जाते आणि वाचा जाते. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते दोन मैत्रिणींच्या ताटातुटीने. बोकडासाठी रडलेला प्रेक्षक आम्हाला तरी भेटलेला नाही.

ही झाली बाजाराची करामत. पण खरी गोम मूळ कादंबरीतच आहे, आणि तिथे आमचा मॅग्वायर यांच्याशी वाद आहे. शेवटी उलगडतं की एल्फाबाचा खरा बाप धर्मोपदेशक फ्रेक्स नव्हे, खुद्द जादूगार आहे. हिरवा रंग आला तो त्याने तिच्या आईला पाजलेल्या हिरव्या अर्कातून. म्हणजे इतकी पानं जी पोरगी बहिष्कृत म्हणून वाढली, तिच्या तेजाचं कारण शेवटी रक्तात सापडलं!

हा डाव आपल्याला नवा आहे का? महाराष्ट्रात कर्णावर जीव टाकणारे वाचक घरोघरी आहेत, ‘मृत्युंजय’ त्यांनी पारायणासारखं वाचलंय. सूतपुत्र म्हणून झालेला त्याचा अपमान वाचून ते हळहळतात. पण कर्ण सूतपुत्र नाहीच, तो कुंतीचा. अन्याय काय झाला, तर क्षत्रियाला सूत समजलं गेलं. खऱ्या सूताच्या पोराने धनुष्य उचललं असतं तर? एकलव्याचा अंगठा कापून घेतला तरी भागलं नाही. हरिवंशाने त्यालाही जन्माने यादव करून टाकलं, निषादांनी फक्त वाढवला म्हणे. शंबूकाला असा गुप्त बाप कुणी दिला नाही. तो शूद्र म्हणून तप करत होता आणि शूद्र म्हणूनच मारला गेला.

‘गुलामगिरी’ (1873) मध्ये जोतीराव बळीराजाचं दुःखी बालपण रंगवत बसत नाहीत. वामनाने बळीला पाताळात घातलं या कथेमागे कुणाची जमीन गेली, कुणाचं राज्य आलं, हे विचारतात. बाबासाहेब ‘रिडल्स’मध्ये रामाची चिकित्सा करतात ती वाल्मीकीचंच रामायण पुढ्यात ठेवून. शंबूकाची कीव करा, असं ते म्हणत नाहीत. एका माणसाला तप केलं म्हणून मारणाऱ्या राजाला आदर्श का म्हणायचं, हा त्यांचा सवाल आहे.

खलनायकाची बाजू सांगणारी कादंबरी अमेरिकेत नाटक होते, सिनेमा होते, 2025 मध्ये ऑस्कर घेते. आपल्याकडे 1987 साली महाराष्ट्र शासनाने ‘रिडल्स’ छापलं तेव्हा ते परिशिष्ट काढून टाका म्हणून रस्त्यावर आंदोलनं झाली. 1988 च्या फेब्रुवारीत आपल्या माणसांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला, म्हणून राम-कृष्णावरचं ते प्रकरण पुस्तकात राहिलं. तुमच्याकडे शासनाचा चौथा खंड असेल तर ते पान उघडून बघा. या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप तिथे छापलेली आहे.