रंग नवा, बोट जुनी आणि जेटीवर नळ नाही!

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या एका पोराने पर्यटनासाठी सेकंडहँड फायबर बोट घेतली. आईचे दागिने गहाण, वर पतसंस्थेचं कर्ज. विकणारा म्हणाला, "दोनच सीझन चाललीय." रंग चकाचक, मशीन एका झटक्यात सुरू. पंधराव्या दिवशी खाडीच्या मुखाशी मशीन तापून बंद! बोटीत आठ पर्यटक. दुसऱ्या होडीने ओढून आणलं, म्हणून मी आज पोस्ट लिहितोय. नाहीतर बातमी लिहावी लागली असती.

मशीन उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. पाण्याच्या वाटा मिठाने चोंदलेल्या. गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. वायरींना हिरवा कीट. नव्या रंगाखाली ॲल्युमिनियमला फोड.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. आऊटबोर्ड मशीन तेच पाणी ओढून थंड होतं. काम संपल्यावर गोड्या पाण्याने धुतलं नाही, तर मीठ आतच बसतं. हे बोटवाल्यांना माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. विचारलं तर उत्तर एकच, "भाऊ, धुवचा खंय?"

इथेच माझं डोकं फिरतं. आमच्या जेटीवर सेल्फी पॉइंट आहे, रंगीत दिवे आहेत, सोनेरी नावांची कोनशिला आहे. गोड्या पाण्याचा एक नळ नाही! मग मशीन कुजतं, मालक रंग मारून ते दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि आपण म्हणतो, "पोरांना अक्कल नाही."

फसवणाऱ्याला मी सोडत नाहीये. म्हणून घेणाऱ्यांनो, ऐका. मशीन गार असतानाच सुरू करायला लावा. आधीच गरम लागलं तर समजून जा. मागून पाण्याची धार जोरात येते का बघा. गिअर ऑइल काढून बघा, कॉम्प्रेशन टेस्ट करा. गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे रंगाने झाकले असतील, तर ते काही कामाचे नाहीत. मशीन बसतं ती मागची फळी नाण्याने ठोका; आवाज बद्द आला तर आतलं लाकूड भिजलेलं असू शकतं. आणि मेकॅनिक तुमचा न्या, विकणाऱ्याचा नको.

2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले. ती घटना वेगळी होती, पण तेव्हा सगळे जागे झाले होते. पुन्हा जागं व्हायला पुन्हा कुणी मरायलाच हवं का?

मागण्या दोनच. जेटीवर गोड्या पाण्याचा नळ द्या. आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांनी कागद आणि लाइफ जॅकेट मोजून परत जाऊ नये, मशीन आणि मागची फळीही बघावी.

नळाचं उद्घाटन खुशाल करा, फोटो मी स्वतः छापतो. पण आधी पाणी येऊ दे!