हंगाम संपण्यापूर्वीच पारितोषिक?

बहुतेक शाळांचे वार्षिक स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते. मंचावर करंडक मांडले जातात, प्रमुख पाहुणे स्थानापन्न होतात आणि ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू’ म्हणून एका विद्यार्थ्याचे नाव पुकारले जाते. त्या टाळ्यांच्या गजरात एक साधा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. वर्ष अजून संपले कुठे आहे? परीक्षा व्हायच्या असतात आणि पुष्कळदा महत्त्वाचे सामनेही व्हायचे असतात. गणिताची उत्तरपत्रिका अर्धी तपासून आपण कोणाला पहिला क्रमांक देत नाही. क्रीडांगणावर मात्र ते खुशाल करतो.

आपल्या उज्जैनचेच उदाहरण घेऊ. ‘खेलो इंडिया’ युवक क्रीडास्पर्धांपैकी मल्लखांबाच्या स्पर्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये याच नगरीत झाल्या. मल्लखांब हा २०१३ पासून मध्यप्रदेशाचा राज्यक्रीडाप्रकार आहे आणि उज्जैन हे त्याचे मोठे केंद्र. येथील प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार लाभला, हे वाचकांस ठाऊक असेलच. आता अशी कल्पना करा की, एखादी मुलगी त्या फेब्रुवारीत देशभरच्या स्पर्धकांसमोर मल्लखांबावर चढली, आणि तिच्या शाळेने वर्षाचा करंडक महिन्याभरापूर्वीच दुसऱ्या कोणास देऊन टाकलेला आहे. ती शेवटच्या वर्गात असेल, तर पुढच्या वर्षीची आशाही उरत नाही. तिचा करंडक कोणी हिरावून घेतला असे म्हणता येणार नाही. दिनदर्शिकेने तो परस्पर वाटून टाकला, इतकेच.

हा घोळ केवळ आपल्याच शाळांत आहे असे समजू नये. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये यावर वर्षानुवर्षे वाद चालतो. हा खेळ तेथील स्प्रिंगफील्ड गावी डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीचच्या टोपल्या टांगून सुरू केला. (शिक्षकांच्या हातून कधीकधी चांगलेही काही घडते, याची बालवाचकांनी नोंद घ्यावी.) त्या महाविद्यालयांचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो, मार्चमध्ये ६८ संघांची राष्ट्रीय स्पर्धा लागते, आणि तीत एकदा हरला तो संघ बाद. परंतु वर्षातील श्रेष्ठ खेळाडूसाठी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेतर्फे वार्ताहरांची मते घेतली जातात ती राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यापूर्वी. म्हणजे ज्या तीन आठवड्यांकडे सारा देश डोळे लावून बसतो, ते मोजणीत धरलेच जात नाहीत.

याचा परिणाम २०२३ साली दिसला. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी हा सव्वासात फुटांहून उंच खेळाडू त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ ठरला. परंतु त्याचे नाव जाहीर होण्याआधीच, १७ मार्च रोजी, त्याचा अग्रमानांकित संघ फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून पहिल्याच सामन्यात ६३-५८ असा पराभूत झाला होता. पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण प्रकरण दिसते तितके सरळ नाही. त्या पराभवातही एडीने २१ गुण मिळवले होते. हरला तो संघ. मते नंतर घेतली असती, तर त्या एका सायंकाळच्या धक्क्यापायी त्याची चार महिन्यांची कामगिरी मतदारांच्या डोळ्यांआड झाली असती, असे भय वाटते. पुढच्या वर्षी तोच पुन्हा सर्वश्रेष्ठ ठरला आणि त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे कनेक्टिकटने त्यांना नमवले खरे, पण एडीने एकट्याने ३७ गुण केले.

तेव्हा आधी मत देण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. शेवटच्या सामन्याची झळाळी फार असते. तिच्यामुळे मागचे सर्व फिके पडते, म्हणून ती येण्यापूर्वीच निवाडा करून टाकावा, असे ते पक्षकार म्हणतात. पण हा उपाय रोगापेक्षा भारी आहे. जपान-कोरियातील २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत अंतिम सामन्याआधीच मते घेऊन जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान हा सर्वोत्तम खेळाडू ठरवण्यात आला. अंतिम सामन्यात त्याच्याच हातून चेंडू निसटला, रोनाल्डोने तो जाळ्यात धाडला आणि ब्राझील २-० ने जिंकले. कान थोर गोलरक्षक होता यात वाद नाही. परंतु सुवर्णचेंडू त्याच्या हाती पडला तेव्हा निवडणाऱ्यांनाही अवघडल्यासारखे झाले असेल.

मग झळाळीने दिपून न जाता शेवटपर्यंत थांबणे शक्य आहे काय? आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या घरचाच आहे. जून २०२२ मध्ये बंगळुरूस रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्यप्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि हा करंडक प्रथमच आपल्या नावावर केला. तेवीस वर्षांपूर्वी याच मैदानावर मध्यप्रदेश अंतिम सामना हरला, तेव्हा पंडित संघाचे कर्णधार होते. त्यांचे डोळे त्या दिवशी भरून आले, यात नवल नाही. परंतु माझा मुद्दा निराळा आहे. सामन्याचा मानकरी ठरला विजयी संघाचा शुभम शर्मा, त्याने ११६ धावांची खेळी केली होती; आणि हंगामाचा मानकरी ठरला पराभूत मुंबईचा सरफराज खान, ज्याने सहा सामन्यांत ९८२ धावा काढल्या होत्या. निर्णय सर्व खेळ आटोपल्यावर झाला, तरी विजयाच्या धुंदीत हंगाम विसरला गेला नाही. सामन्याचे पारितोषिक वेगळे, हंगामाचे वेगळे, एवढी साधी विभागणी केली की झाले.

आम्हा कोंकणी माणसांच्या घरी हंगाम म्हटला की तो आंब्याफणसांचा. यंदा कोणत्या झाडाने लाज राखली, हे पाऊस लागल्यावर ठरते. चैत्रात कैऱ्या मोजून नव्हे.

सरकारासही हे उमगलेले दिसते. राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा परंपरागत दिवस म्हणजे २९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांची जयंती. २०२१ साली मात्र टोकियोतील अपंग क्रीडापटूंच्या पॅरालिंपिक स्पर्धा ५ सप्टेंबरपर्यंत चालणार होत्या, म्हणून समारंभ लांबला आणि १३ नोव्हेंबरला झाला. त्या वेळी बारा जणांना खेलरत्न मिळाले. त्यांपैकी अवनी लेखरा आणि सुमित अंतिल यांनी आपली सुवर्णपदके जिंकली ती ३० ऑगस्टला, म्हणजे ठरल्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी. मनीष नरवाल, प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांनी त्यानंतरच्या आठवड्यात. पाच नावे! ध्यानचंदांच्या जयंतीचा मान मोठा, पण त्या तिथीसाठी अडून बसले असते, तर त्या वर्षीच्या यादीत ही पाच नावे कशी आली असती?

आपल्या शाळांना यातून करण्यासारखे फारसे अवघड नाही. संमेलनात जिल्हास्पर्धांची आणि तोवर झालेल्या सामन्यांची बक्षिसे अवश्य द्यावीत. पाहुण्यांची व पालकांची हौसही फिटेल. ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडू’ हे नाव मात्र वार्षिक निकालाच्या दिवशी जाहीर करावे. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे काय, अशी शंका एका सहकाऱ्याने काढली. त्याला पत्र धाडावे आणि १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनास बोलवावे; आपल्या जुन्या शाळेत करंडक घेण्यास कोण येणार नाही? आणि तोवर छापून होणाऱ्या या वार्षिक अंकात त्या नावाची जागा कोरी सोडावी. मुद्रकमहाशय कुरकुरतील, पण त्यांची समजूत घालता येईल.