पिवळ्या पानाला सरसकट युरिया नको



‘पान पिवळे दिसले की युरिया टाका’ हा आपल्या पत्रलेखकांचा सल्ला परभणीच्या काळ्या रानात महागात पडेल, म्हणून हे उत्तर.

नत्राने पान हिरवे होते, हे खरेच. हरितद्रव्यात नत्र असते. पण पानातल्या नत्राचा त्याहून मोठा वाटा हवेतला कार्बन पकडणाऱ्या ‘रुबिस्को’ या विकरात गुंतलेला असतो. नत्र कमी पडले की प्रकाशसंश्लेषण मंदावते ते त्यामुळे. मात्र एका मर्यादेपुढे नत्र वाढवून वेग वाढत नाही. कपाशी नुसती माजते, खालची पाने सावलीत जातात, मावा-तुडतुडे वाढतात. ज्वारीचे काम तर कमी रुबिस्कोतही भागते.

सोयाबीनचे काय? खालची, जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची शंका घ्यावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. चुनखडीयुक्त, पाणी धरून बसणाऱ्या जमिनीत ती नेहमी दिसते. तिथे ४६ टक्के नत्राचा युरिया काय करणार? उलट जास्त नत्राने मुळांवरच्या गाठींचे काम मंदावते, आणि साचलेल्या पाण्यात बरेचसे नत्र वायुरूपाने उडून जाते.

१९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. माती तपासून खत द्या, असे पत्रलेखकांनी एका ओळीत तरी लिहायला हवे होते.

– एक शेतकरी, मानवत (जि. परभणी)