गिटार विकू, बनवणाऱ्याचे नाव विकणार नाही



आमच्या कलापथकाने एक वापरलेली फ्रेटलेस बेस गिटार विकायला काढली आहे. गोष्ट एवढीच असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण विक्रीच्या बैठकीत एका मध्यस्थाची सूचना आली आणि तिच्यावर जी चर्चा झाली ती एका गिटारपुरती राहिली नाही. सूचना अशी होती की, गिटारच्या डोक्यावर, म्हणजे जिथे तारांच्या खुंट्या असतात तिथे, एखाद्या नामांकित परदेशी कंपनीचा स्टिकर चिकटवा. असे स्टिकर सहज मिळतात, वरून वॉर्निशचा एक हात मारला की कुणाला कळत नाही. साध्या गिटारला २४ हजार मिळतील, स्टिकरवालीला ४० हजार.

आम्ही नकार दिला. काही साथींना हा नकार भाबडेपणा वाटला. म्हणून त्यामागची भूमिका चळवळीतल्या तरुणांसमोर सविस्तर मांडत आहोत.

आधी ही गिटार काय आहे ते सांगतो. बेस गिटारला साधारणपणे चार जाड तारा असतात आणि ती गाण्याचा खालचा, जड सूर धरते. नेहमीच्या गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीच्या पडद्यांचे जे काम, तेच या पट्ट्यांचे. सूर कुठे आहे ते त्या आधीच ठरवून देतात. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये अशी गिटार बाजारात आणली तेव्हा तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, हे नाव दिले, ते या पट्ट्यांमुळेच. फ्रेटलेस गिटारमध्ये पट्ट्या नसतात. व्हायोलिन, सारंगी, सरोद यांच्याप्रमाणे सूर बोटाने आणि कानाने शोधावा लागतो. बोट जरा सरकले की बेसूर. पण हात बसला की एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी, माणसाच्या गळ्यासारखी ओढ निघते. शाहिराच्या आवाजाखाली ती फार शोभते.

आमची गिटार कोणत्याही कंपनीची नाही. ती आमच्याच वस्तीतल्या एका कारागिराने बनवली. तो दिवसा फर्निचरच्या कारखान्यात काम करतो. अंगासाठी त्याने जुन्या घराच्या सागवानी चौकटीचे लाकूड वापरले, बोटांच्या पट्टीसाठी शिसवी. मान आमच्या वादकाच्या हाताच्या मापाने, नेहमीपेक्षा अरुंद ठेवली. रात्रपाळ्या सांभाळून चार महिने काम चालले. आम्हाला ती ४२ हजारांना पडली. वादक आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेला आहे, गिटार कपाटात आहे, आणि साउंडवाल्याचे ३० हजार रुपये आमच्याकडे थकले आहेत. विक्रीचे कारण हे आहे.

आता स्टिकरचा प्रश्न. पहिली गोष्ट सरळ आहे, ती फसवणूक आहे. सेकंडहँड वाद्य कोण घेतो? ज्याच्याकडे नव्याचे पैसे नाहीत तो. पगारातून, शिकवणीतून, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातून पैसे साठवणारा मुलगा किंवा मुलगी. ते १६ हजार श्रीमंताच्या खिशातून येणार नाहीत, आपल्यासारख्याच कुणाच्या तरी खिशातून येणार.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्टिकर लावायचा म्हणजे बनवणाऱ्याचे नाव झाकायचे. काम एकाचे, नाव दुसऱ्याचे. हे आपण कुठे पाहिले आहे? बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ मध्येच दाखवून दिले की जात ही फक्त कामांची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांना वेगळे करून वरखाली बसवते. त्या उतरंडीत वस्तू वर चढते आणि ती घडवणारा हात खाली राहतो. चप्पल मंदिराच्या पायरीपर्यंत जाऊ शकत होती, ती शिवणारा जाऊ शकत नव्हता.

संगीताच्या क्षेत्रात तर हे उघडउघड चालते. दक्षिणेतल्या मृदंगावर गाय, म्हैस आणि शेळीचे कातडे चढते. ते कमावणारे, मढवणारे बहुतेक कारागीर दलित, त्यातले अनेक दलित ख्रिश्चन. वाद्य मैफलीत मानाने बसते, वादकाला पुरस्कार मिळतात, कारागीर मागच्या दाराशी. गायक टी. एम. कृष्णा यांनी या कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक २०२० मध्ये काढले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेने प्रकाशनासाठी दिलेली सभागृहाची परवानगी ऐनवेळी मागे घेतली. कातड्याचा आवाज चालतो, कातड्याची गोष्ट चालत नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांचा अनुभव यापेक्षा फार वेगळा नाही. जेम्स जेमरसन यांनी १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत बेस गिटार वाजवली. आजही बेस शिकणारा प्रत्येक जण त्यांचे काम ऐकून शिकतो. पण त्या रेकॉर्डवर वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर जेमरसन यांचे नाव आले, तोवर जगाने त्यांचा हात ऐकला होता, नाव ऐकले नव्हते. ज्या चळवळीने १९७२ मध्ये ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर उभी केली, तिला ही गोष्ट परकी वाटू नये.

आणि ज्या नावाला बाजार भुलतो त्या नावाचे काय होते तेही पाहा. फ्रेटलेस बेस गिटारला जगभर ओळख मिळाली ती जॅको पास्टोरियस यांच्यामुळे. त्यांची गिटार १९६२ ची फेंडर होती, पण तिच्या पट्ट्या काढलेल्या, खाचा बुजवलेल्या आणि वर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर दिलेला. कारखान्यातून तशाच असंख्य गिटारी बाहेर पडल्या, ही वेगळी ठरली ती हाताने केलेल्या कामामुळे आणि वाजवणाऱ्यामुळे. १९८६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. आजारी आणि बेघर अवस्थेत दिवस काढणारे जॅको पुढच्याच वर्षी एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीत जखमी होऊन मरण पावले. वय ३५. सुमारे वीस वर्षांनी गिटार सापडली, मालकीवरून वाद झाला, आणि मेटालिका बँडचे रॉबर्ट ट्रुहियो यांनी आर्थिक मदत केल्यावर तो मिटला. वाद्यासाठी पैसा उभा राहिला, माणसाला छप्पर मिळाले नव्हते.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात. ते बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी मुस्लिम कारागीर मंडळी. त्यांनी वाद्ये बनवायला घेतली आणि पुढे 'सतारमेकर' हे आडनावच लावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिराचे नाव वाद्याबरोबर गेले तर काय होऊ शकते, ते इथे दिसते. आमच्या वस्तीतल्या कारागिराची दुसरी गिटार कुणी मागायची असेल तर पहिलीवर त्याचे नाव नको का?

काही साथी म्हणाले, "साउंडवालाही कष्टकरीच आहे, त्याचे पैसे आधी द्या, तत्त्वे नंतर पाहू." पैसे द्यायचेच आहेत. २४ हजार विक्रीतून आणि उरलेले सहा हजार सहा महिन्यांच्या वर्गणीतून देऊ, हे आम्ही त्याच्याशी बोलून ठरवले आहे. पण एका कष्टकऱ्याचे देणे फेडण्यासाठी दुसऱ्या कष्टकऱ्याचे नाव पुसायचे, हा हिशोब आम्हाला मान्य नाही. आपल्यात आपल्याला झुंजवण्याचा हाच तर जुना डाव आहे.

दुसरा आक्षेप असा की, भीमगीतांना ही विलायती गिटार हवीच कशाला, विकून टाका आणि विषय संपवा. हे म्हणणाऱ्यांनी आपल्या पथकातली पेटी पाहावी. हार्मोनियम युरोपातूनच आली, आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षे तिच्यावर बंदी ठेवली, आणि आपल्या शाहिरांनी तिच्यावरच वस्त्या जाग्या केल्या. खुद्द बाबासाहेब व्हायोलिन शिकले होते. वाद्याला जात नसते, धर्म नसतो. ती त्याला चिकटवली जाते, स्टिकरसारखीच.

तिसरा सूर भावनेचा होता. इतक्या कार्यक्रमांची साथीदार, ती विकू नये, जपून ठेवावी. आम्हाला हेही पटत नाही. खंडेनवमीला वाद्याला हळदकुंकू लावायचे आणि वर्षभर कपाटात ठेवायचे, ही आपली रीत नाही. वाद्य हे हत्यार आहे. ते वाजणाऱ्या हातात गेले पाहिजे.

म्हणून आम्ही जशी आहे तशी विकत आहोत. तिचे दोषही सांगतो. खरबरीत वेटोळ्यांच्या तारांमुळे बोटांच्या पट्टीवर बारीक चरे पडले आहेत. गुळगुळीत तारा लावल्या तर ते वाढणार नाहीत. पावसाळ्यात मान थोडी वाकते, आतला लोखंडी गज फिरवून ती सरळ करावी लागते. दुसऱ्या तारेची खुंटी सैल आहे, आवाजाच्या बटणात खरखर आहे. मान अरुंद असल्याने मोठ्या हाताच्या वादकाला ती अडचणीची होईल. दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या सदऱ्याची किंमत उतरते तशीच मापाने बनवलेल्या गिटारची उतरते, म्हणून ४२ हजारांची २४ हजारांना. शिकणाऱ्याला हप्ते देऊ. फुकट देणार नाही, कारण फुकटाने कारागिराच्या श्रमाची किंमत शून्य होते. गिटारच्या मागच्या बाजूला बनवणाऱ्याचे नाव, वस्तीचे नाव आणि साल त्याच्याच हाताने कोरून घेतले आहे.

इतर कलापथकांना आमची सूचना आहे. प्रत्येक पथकाने वाद्यांची एक वही ठेवावी. वाद्य कुणी बनवले, कुणी मढवले, दुरुस्ती कुणी केली, किती पैसे दिले, सगळे त्यात लिहावे. वाद्य विकले तर त्या पानाची प्रत घेणाऱ्याला द्यावी. आपल्या १४ एप्रिलच्या बॅनरवर नेत्यांचे वीस-वीस फोटो असतात. ढोलकी मढवणाऱ्याचे आणि साउंडवाल्याचे नाव एका ओळीत मावणार नाही, एवढी जागा कमी आहे का? कार्यक्रमाच्या शेवटी ही नावे माईकवरून घ्यायला दोन मिनिटे लागतात.

गिटार ज्यांना हवी असेल त्यांनी येऊन वाजवून पाहावी, सोबत जाणता वादक आणावा, मान उजेडात धरून तपासावी. कारागिराशी बोलायचे असेल तर तीही भेट घालून देऊ. दुरुस्तीला तोच उभा राहणार आहे, स्टिकरवरची कंपनी नाही.

जय भीम! जय भारत!