'मिळू शकेल' आणि 'मिळेलच'

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) उन्हाळी आवर्तन सुटले की चारीच्या टोकाकडील शेतकऱ्याची झोप उडते. मी अशाच टेलच्या शेतावर वाढलो. रात्री कंदील घेऊन वडिलांबरोबर दारे धरायला जात असे. वडील पाटकऱ्याला एकच प्रश्न विचारीत, "पाणी कधी?" उत्तर ठरलेले, "मिळेल की, आज-उद्या!" कागदोपत्री मात्र आवर्तन सुरळीत असे.

प्रवरेवरचे भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले. खाली ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा निघतो. कालव्यांतून चाऱ्या, चाऱ्यांतून पोटचाऱ्या. एकाच वेळी कितीतरी दारे वाहतात. या सगळ्यांच्या वेळा जुळवायच्या म्हणून शेजपाळी. वरच्या एकाने अर्धा दिवस जास्त पाणी घेतले की खालच्या साऱ्यांचे गणित कोलमडते.

संगणकशास्त्रापुढेही नेमका हाच पेच आहे. अनेक कामे एकाच वेळी चालतात, एकमेकांसाठी खोळंबतात. मग अशा दोन व्यवस्थांतली सरस कोणती, हे ठरवायचे कसे? रॉक्को डी निकोला आणि मॅथ्यू हेनेसी यांनी 1984 साली याची रीत मांडली. यंत्रणेच्या पोटात डोकावू नका, बाहेरचा परीक्षक तिच्याशी जोडून द्या आणि दोन प्रश्न वेगळे ठेवा: कसोटी पार पडू शकेल का, आणि काहीही झाले तरी पडेलच का? पुढे जर्मनीतील वाल्टर फोगलर यांनी त्यात वेळेचा हिशेब आणला. कसोटी मुदतीत पार पडली पाहिजे, तीही वाईटात वाईट परिस्थितीत.

समजा, एका चारीवर टोकाला पाणी बहुधा सहा दिवसांत पोचते, पण कधी वीस दिवसही लागतात. दुसरीवर नेहमीच बारा दिवस लागतात. सरासरी काढली तर पहिली जिंकेल. पण 'पंधरा दिवसांत पाणी मिळेलच का?' या कसोटीला दुसरीच उतरते. ज्याचे पीक पंधराव्या दिवशी करपते, त्याला सरासरीचा काय उपयोग?

या शास्त्राची आणखी एक शिकवण आहे. एक व्यवस्था दुसरीपेक्षा वेगवान म्हणायची, तर कोणत्याही कसोटीत ती मागे पडता कामा नये. काहींत पुढे, काहींत मागे असेल, तर तिला सरसकट सरस म्हणता येत नाही. 'आमची योजना अधिक कार्यक्षम' असे कोणी सांगितले, की कोणत्या कसोटीवर, हे विचारायला हवे.

माझी मागणी साधी आहे. आवर्तन संपले की किती पाणी सोडले हे सांगता, तसेच शेवटच्या दाराला पाणी कितव्या दिवशी पोचले, तेही ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. चारीची परीक्षा टोकाला उभ्या असलेल्या माणसानेच घ्यावी. माझ्या वडिलांनी ती जन्मभर घेतली. निकाल मात्र कुणी विचारला नाही.