वणवा आणि डोंगराची संतती

भोरहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने फाल्गुनाच्या अखेरीस तिन्हीसांजेला प्रवास करणाऱ्याला नीरा-देवघरच्या पाण्यापलीकडील उतारांवर तांबड्या ज्वाळांची एक वेडीवाकडी ओळ हळूहळू माथ्याकडे सरकताना दिसते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परतताना तो सारा उतार काळाठिक्कर पडलेला आढळतो. हे दृश्य आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कोणी फारशी दखल घेत नाही; मोठी झाडे बहुधा उभीच असतात, मृगाच्या सरी कोसळल्या की डोंगर पुन्हा हिरवा होतो, आणि काही विशेष बिघडले नाही अशी समजूत करून घेऊन आपण सारे पुढील वर्षाच्या वणव्यापर्यंत निश्चिंत होतो. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत भोर आणि वेल्हे (ज्याला शासनाने अलीकडे राजगड हे नाव दिले) हे दोन्ही तालुके दरसाल मोजत आहेत.

एखाद्या गावची खानेसुमारी करणाऱ्याने साठीच्या पुढची धडधाकट माणसे तेवढी मोजली आणि पाळण्यात मूल नाही, शाळेत विद्यार्थी नाही, ही गोष्ट दप्तरी नोंदवलीच नाही, तर ते गाव भरभराटीत आहे असा निष्कर्ष काढणे जितके भ्रामक ठरेल, तितकेच उभ्या वृक्षांकडे पाहून रान सुस्थितीत आहे असे म्हणणे भ्रामक आहे. वृक्षांचे आयुष्य दीर्घ असल्यामुळे त्यांच्या वंशाचा ऱ्हास आपल्या नजरेस येण्यास दोन पिढ्या लागतात, आणि तो नजरेस येतो तेव्हा बी धरणारे झाडच उरलेले नसते. जांभूळ, अंजनी, पिसा यांची रोपे पहिली काही वर्षे गवताच्या उंचीतच वाढतात, म्हणजे नेमकी ज्वाळेच्या कक्षेत असतात. त्यांची साल पातळ असते. एका वणव्यात ती करपतात, मुळापासून पुन्हा फुटली तर पुढच्या वर्षी पुन्हा करपतात. उलट जाड, भेगाळलेल्या सालीचा ऐन, तसेच कुंभा आणि पळस ही झाडे आग सोसून टिकतात. म्हणून वारंवार जळणाऱ्या उताराचे रान नाहीसे होण्यापूर्वी प्रथम बदलते: सदाहरित जातींची संख्या घटते, अग्निसह जातींचे प्रमाण वाढते, आणि मधल्या मोकळ्या जागेत घाणेरी व रानमोडी आपले बस्तान बसवतात.

कारवीची गोष्ट याहून करुण आहे. मावळातल्या घरांच्या कुडांना पिढ्यानुपिढ्या जिने आधार दिला, आणि उभ्या कड्यांवरील माती जिच्या मुळांनी धरून ठेवली, ती ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच, पण एका डोंगरावर सारी एकाच वेळी फुलते, आणि फळ धरून मरते. या सामुदायिक फुलोऱ्यामागे निसर्गाचा हिशेब आहे. एकाच हंगामात बियांची एवढी रास पडते की किडे, उंदीर, पाखरे यांनी पोटभर खाऊनही रुजण्यापुरते बी शिल्लक राहते. परंतु हे बी सुकलेल्या बोंडांतच उन्हाळा काढते. पहिल्या पावसाचा ओलावा लागला की बोंडे तडतडून फुटतात आणि बी जमिनीवर येते. फुलोऱ्यानंतरच्या त्या एका उन्हाळ्यात डोंगराला आग लागली, तर आई मरून गेलेली आणि बी बोंडातच जळालेले, अशी एक संपूर्ण पिढी दोन-तीन तासांत संपते.

त्याच दिवसांत, म्हणजे चैत्र-वैशाखात, रातवा आणि चंडोल जमिनीवर अंडी घालून बसलेले असतात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

वणवा कोण लावते, हा प्रश्न विचारला की बोट सहसा गुराख्याकडे दाखवले जाते, आणि ते अन्यायाचे आहे. जुने गवत जाळले की नवे दाट येते, ही त्याची समजूत काही अंशी खरी आहे. पण वरचेवर जाळलेल्या डोंगरावर पवन्यासारखे चांगले गवत हटून कुसळीच माजते, आणि तिची कुसळे गुरांच्या तोंडाला व अंगाला टोचतात, म्हणजे नुकसान शेवटी त्याच्याच गोठ्याचे होते. भातखाचरात पालापाचोळा आणि शेण पसरून केलेली राबाची भाजणी ही निराळी गोष्ट आहे; ती मर्यादित असते, तिच्यावर माणूस उभा असतो. परंतु गडावर येऊन चूल तशीच टाकून जाणारा सहलकरी, विडीचे थोटूक भिरकावणारा वाटसरू आणि शेतघरांचे भूखंड पाडण्यासाठी झाडी साफ करणारा शहरी खरेदीदार यांना गुराख्यासारखी गरजही नाही आणि त्याच्यासारखे अज्ञानही नाही. १९२७ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे. तथापि या मुलुखातील पुष्कळ उतार मालकीचे आहेत, तेथे वनखात्याचा हुकूम चालत नाही, आणि आग मात्र सातबारा पाहून थांबत नाही.

पुणेकर वाचकाने हा आपला प्रश्न नव्हे असे मानू नये. पुण्याला पाणी पुरवणारी पानशेत आणि वरसगाव ही दोन्ही धरणे वेल्ह्यातच आहेत. भाटघर १९२८ साली बांधून पूर्ण झाले ते भोरच्या खोऱ्यात, आणि त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालची ऊसशेती उभी आहे. वणव्याने उघडा पडलेला उतार आषाढात जी माती सोडतो, ती याच जलाशयांत जाऊन बसते.

न जळलेला डोंगर कसा असतो हे पाहायचे असेल तर या भागातील एखाद्या देवराईत शिरावे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात या राया म्हणजे पूर्वीच्या अरण्याचे शिल्लक राहिलेले अवशेष होत असे दाखवून दिले. मला स्वतःला तेथील प्रचंड वृक्षांपेक्षा त्यांच्या पायथ्याची भूमी अधिक मोलाची वाटते. पाचोळ्याच्या ओलसर थरातून वीतभर, हातभर, पुरुषभर अशा सर्व वयांची रोपे तेथे उभी असतात. म्हणजे आजा, बाप आणि नातू एकाच घरात नांदत असतात. बाहेरच्या जळक्या उतारावर फक्त आजा उरला आहे.

म्हणून सरकारने आणि संस्थांनी दरवर्षी किती रोपे लावली याचे आकडे जाहीर करण्यापेक्षा आपोआप रुजलेली किती रोपे दुसरा उन्हाळा ओलांडून जगली हे मोजावे, असे माझे स्पष्ट मत आहे. खड्डा, रोप आणि छायाचित्र यांवर खर्च होणाऱ्या पैशाचा काही भाग गावच्याच माणसांना मजुरी देऊन वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढण्याकडे वळवला, तर बी टाकण्याचे काम बुलबुल आणि उदमांजर फुकट करतील. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाच्या रक्षणाचा अधिकार दिलेलाच आहे, आणि मालकीच्या डोंगरांचा बंदोबस्त खातेदारांनी एकत्र बसून करता येण्याजोगा आहे.

गवत पौषात वाळू लागते आणि माघात पेट घेण्याजोगे होते. केळदपासून रायरेश्वराच्या पायथ्यापर्यंतच्या ग्रामसभांना माझी विनंती आहे की यंदा पौषातच सभा बोलवावी, कोणत्या उतारावर कारवी फुलून गेली आहे हे जाणत्या माणसांना विचारून घ्यावे, आणि जाळरेषेचे काम त्या उतारापासून सुरू करावे.